बाविसावी ओळ

शिड्यांच्या त्या कारखान्यात खुर्ची एकच होती.

बाकी सगळे शिड्यांवर बसत. जी वस्तू आपल्यालाच दिवसभर सोसत नाही ती लोकांच्या गळ्यात मारू नये, असा थोरल्यांचा नियम होता. तो थोरल्यांना लागू नव्हता, कारण तो त्यांनीच केला होता. म्हणून पॅकिंगच्या बाई दोन पायऱ्यांच्या स्टुलावर बसत. कारकून चार पायऱ्यांच्या शिडीवरून खालच्या टेबलाकडे वाकून लिहीत आणि दर पंधरा मिनिटांनी मान जागेवर आणत. आणि थोरल्यांची पुतणी, जिला सगळा कारखाना ताई म्हणायचा, ती तीन पायऱ्यांच्या घडीच्या शिडीवर बसायची. त्या शिडीची वरची पायरी वीतभर रुंद. त्या वीतभर जागेवर बसून ताईने सहा वर्षं कारखाना चालवला होता.

खुर्ची थोरल्यांची. काळ्या लाकडाची, दोन हातांची, चामड्याच्या गादीची. बसलं की ती लांब उसासा टाकायची, आणि नव्या माणसाला वाटायचं थोरले दमलेत. थोरले कधी दमलेले कुणी पाहिले नव्हते, कारण दमण्यासारखं सगळं ताई करायची.

ही खुर्ची पुढे ताईला मिळणार यावर कुणाचं दुमत नव्हतं. ताईचे वडील, म्हणजे धाकटे भागीदार, बारा वर्षांपूर्वीच कारखान्यावर पाणी सोडून घरी शब्दकोडी सोडवत बसले होते. थोरल्यांचा मुलगा दातांचा डॉक्टर झाला होता आणि आपल्याला उंचीची भीती वाटते हे त्याने घरी लेखी दिलं होतं. राहिली ताई. मतभेद होता तो फक्त तारखेचा. थोरल्यांच्या दर वाढदिवसाला ताई विचारायची, आणि दर वाढदिवसाला थोरले तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू."

यंदा मात्र त्यांनी अट घातली.

"ती वेबसाइट नीट कर," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "सोमवारी सकाळी नवी साइट चालू दिसली, तर शुक्रवारी माझ्या वाढदिवसाला खुर्ची तुझी. शब्द देतो."

जुनी साइट उघडली की एक चाक गोल गोल फिरत राहायचं. गेली दोन वर्षं ते फिरत होतं. काही दुकानदारांना ते कंपनीचं बोधचिन्ह वाटायचं, आणि एकाने तर ते आपल्या पाटीवर रंगवून घेतलं होतं. तेव्हा ही साइट कधी उभी राहील अशी भीती थोरल्यांना नव्हती. शिवाय प्रत्येक गोष्ट आपल्याला विचारून करायची, ही पोटअट त्यांनी हळूच मागून जोडली.

ताईने स्टॅटिक ब्लॉग निवडला. त्यात भानगड कमी. सगळी पानं एकदाच तयार करून फळीवर मांडून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की पान उचलून हातात द्यायचं, आतमध्ये कुणी विचारबिचार करत बसत नाही. आणि सगळ्या साइटला लागू होणारी सेटिंग्ज एकाच साध्या फाईलमध्ये. एकतीस ओळी. साइटचं नाव काय, लेखक कोण, एका पानावर लेख किती. त्यातली एक ओळ बदलली की तीनशे बारा पानं मुकाट्याने बदलतात.

या एकतीस ओळी मंजूर करायला थोरल्यांच्या खोलीत बैठक बसली. आठ शिड्या आणि एक खुर्ची.

"एक ओळ बदलली की सगळी पानं?" थोरल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"हो, काका."

"कुणाला न विचारता?"

"विचारायचं कुणाला? पानंच आहेत ती."

थोरले मागे रेलले. खुर्चीने उसासा टाकला. पंचेचाळीस वर्षांत त्यांना दोन वेल्डरांची तोंडं एका दिशेला वळवता आली नव्हती. "इतकी वर्षं कुठे होती ही फाईल?" ते हळूच म्हणाले.

पहिली ओळ, साइटचं नाव. कंपनीचं नाव लिहायचं यावर एकमत व्हायला चाळीस मिनिटं लागली. दुसरी ओळ, नावाखालचं घोषवाक्य. वेल्डरने 'पडलात तर कळवा' असं सुचवलं आणि ते त्याला स्वतःला फारच आवडलं. थोरल्यांनी 'उंची हीच आमची परंपरा' असं ठरवलं. थोरल्यांचा हात वरच्या फळीला शिडीशिवाय पोचत नसे. कुणी छताकडे बघितलं, कुणी बुटांकडे.

"चौथी ओळ, लेखक," ताई म्हणाली. "ज्या लेखावर वेगळं नाव नाही, त्याच्याखाली हे नाव आपोआप येतं."

"माझं टाक."

"पण काका, लेख सगळे अगोदरराव लिहितात."

"अगोदरराव लिहितात, म्हणून ते कारकून. मी लिहीत नाही, म्हणून मी लेखक."

यात चूक काय ते कुणालाच नेमकं सांगता आलं नाही. चौथी ओळ मंजूर झाली.

अगोदरराव म्हणजे ते चार पायऱ्यांवरचे कारकून. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असावं. ते सगळं अगोदर करत. सोमवारची हजेरी शनिवारी भरत. पावसाळी छत्री उन्हाळ्यात घेऊन येत आणि पावसाळ्यात ती दुरुस्तीला टाकत. एकदा कुणाच्या मुलीला परीक्षेआधीच तिच्या यशाबद्दल पेन देऊन आले होते, आणि त्या पोरीला नाइलाजाने पास व्हावं लागलं.

"नववी ओळ. एका पानावर लेख किती?"

"बारा," थोरले म्हणाले. "आपली सगळ्यात मोठी शिडी बारा पायऱ्यांची आहे."

"पंधरावी. वेळ कुठली धरायची?"

"कुठली म्हणजे? वेळ म्हणजे वेळ. बाहेर एवढं मोठं घड्याळ लावलंय."

"तसं नाही काका, जिथे ही पानं तयार होतात ते मशीन जगात दुसरीकडेच—"

"पुढे चल."

पंधरावी ओळ रिकामी राहिली.

"बाविसावी. पुढच्या तारखेचे लेख आत्ताच दाखवायचे का?"

"पुढचं पुढे."

"ते 'नाही'च असू द्या, ताई," अगोदरराव शिडीवरून घाईघाईने म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला. पण बैठकीला तीन तास होऊन गेले होते, चहा संपला होता, आणि कुणाच्या आवाजाला काय झालं हे विचारण्याची कुणाची तयारी नव्हती. बाविसाव्या ओळीपुढे 'नाही' राहिलं.

सोमवारी सकाळी सगळे ताईच्या शिडीभोवती जमले. थोरले खुर्ची उचलून आणवून तिच्यावर बसले. पहिला नवा लेख होता पाच पायऱ्यांच्या नव्या शिडीबद्दल. तारीख आजची, वेळ नऊची. घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. ताईने पानं तयार करायचा हुकूम सोडला. दोन सेकंदांत मशीनने कळवलं: तीनशे बारा पानं तयार.

साइट उघडली. चाक फिरलं नाही. नाव दिसलं, उंचीची परंपरा दिसली, सगळीकडे लेखक म्हणून थोरले दिसले. नवा लेख मात्र दिसेना.

ताईने पुन्हा हुकूम सोडला. तीनशे बारा. पुन्हा सोडला. तीनशे बारा. ते मशीन दूर कुठल्याशा देशात होतं आणि तिथे अजून रविवारच मावळत होता. त्याच्या हिशोबी सोमवारचे नऊ हा लांबचा भविष्यकाळ होता आणि भविष्यातलं काही दाखवायचं नाही अशी त्याला लेखी आज्ञा होती. ते बिचारं आज्ञेत होतं.

"नाही दिसत?" थोरल्यांनी अत्यंत प्रेमाने विचारलं.

"दिसेल, काका. एक मिनिट."

"असू दे, असू दे. मशीन आहे, रुसतं. जिवाला लावून घेऊ नकोस." ते खुर्चीचे हात धरून उठू लागले. तिच्या डोक्यावर ठेवायचा हात त्यांनी मोकळा केला. "पुढच्या—"

ताईला माहीत होतं पुढचा शब्द कुठला आहे. सहा वर्षं ऐकला होता. तिची नजर फाईलवरून धावली आणि बाविसाव्या ओळीवर अडकली. पुढच्या तारखेचे लेख: नाही. तिने 'नाही' पुसून 'हो' लिहिलं. खरं औषध सात ओळी वर, पंधराव्या ओळीत होतं. पण माणसाच्या डोक्यावर हात येत असला की सात ओळी फार लांब असतात.

दोन सेकंद. तीनशे चोवीस पानं तयार.

नवा लेख दिसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्यांचा हात हवेतच राहिला, मग त्यांनी त्याने कान खाजवला.

टाळ्या थांबल्यावर ताईच्या लक्षात आलं, की एक लेख घातला होता आणि बारा पानं वाढलीत. शिडीचा लेख पानाच्या तळाशी होता. त्याच्या वर अकरा लेख रांगेत उभे होते. सगळ्यात वरचा होता 'निरोप: आमचे रखवालदार'. तारीख एकोणीस वर्षांनंतरची.

रखवालदार तिच्या मागेच उभा होता. "ताई," तो म्हणाला, "मी गेलो का?"

अगोदरराव शिडीवरून खाली उतरले. कामाच्या वेळेत त्यांना जमिनीवर कुणी पाहिलं नव्हतं.

"ताई, निरोपाच्या दिवशी फार घाई होते हो," ते म्हणाले. "माणूस रडत असतो, मला सुचत नाही. म्हणून मी ज्याचा त्याचा निरोप तो कामाला लागला त्याच दिवशी लिहून ठेवतो. नवा असतो तेव्हा माणसाचे गुण चटकन दिसतात. नंतर ओळख होते."

"आणि तारीख?"

"साठ वर्षं पूर्ण होतील ती. लेख त्या दिवशी आपोआप दिसणार. मी तेव्हा नसलो तरी. माझाही आहे त्यात, सात नंबरला. जरा लांबलाय."

"थोरल्यांचासुद्धा?"

अगोदररावांनी मान खाली घातली. "त्यांचा दर वर्षी ठेवतो. ते जात नाहीत. मग वर्ष तेवढं एकाने वाढवतो. सहा वेळा घासून लेख फार गुळगुळीत झालाय."

थोरल्यांचा लेख शिडीच्या लेखाच्या लगेच वर होता. तारीख येत्या शुक्रवारची. 'पंचेचाळीस वर्षं कारखान्याचं छत्र होऊन राहिलेले, दूरदृष्टीचे, मितभाषी, पुढच्या पिढीला वेळेवर वाट करून देणारे आमचे थोरले साहेब आज निवृत्त झाले. आपली खुर्ची त्यांनी आनंदाने पुतणीच्या स्वाधीन केली.'

खाली, चौथ्या ओळीच्या कृपेने, लेखकाचं नाव: स्वतः थोरले.

"काढ ते!" थोरले ओरडले. खुर्चीनेही काहीतरी आवाज केला.

ताईने काढलं. पंधरावी ओळ भरली, बाविसावीला पुन्हा 'नाही' केलं, आणि दोन सेकंदांत भविष्यकाळ नाहीसा झाला. फक्त एक अडचण राहिली. साइटवर नवा लेख आला की अकराशे चाळीस दुकानदारांना आपोआप मेल जावा, अशी सोय सव्विसाव्या ओळीत होती. ती थोरल्यांनीच मागून घेतली होती.

फोन वाजला.

"अभिनंदन साहेब!" समोरचा दुकानदार इतक्या मोठ्याने बोलला, की सगळ्या शिड्यांना ऐकू गेलं. "सुटलात एकदाचे!"

"मी कुठेही जात नाहीये! ती चूक आहे. कारकुनाची."

"कारकुनाची कशी? खाली तुमचं नाव आहे. तुम्हीच लिहिलंय ना?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. सगळा कारखाना त्यांच्याकडे बघत होता. लेखक मी नाही म्हणावं, तर गेल्या तीनशे पानांचाही लेखक मी नाही. आणि त्या पानांबद्दल त्यांनी कालच सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

"मीच," ते म्हणाले.

"मला वाटलंच. काय लिहिता साहेब! 'मितभाषी'. स्वतःबद्दल असं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं."

त्यांनी फोन ठेवला, तो वेल्डर हातात छापील कागद घेऊन उभा. निरोप निघून जायच्या आत त्याने आपला छापून घेतला होता.

"साहेब, 'कामात बरे होते' म्हणजे काय?"

"म्हणजे काय?"

"तुम्ही लिहिलंय, तुम्हीच सांगा. बरे? बावीस वर्षं जोड देतोय, एक शिडी निखळली नाही. आणि रखवालदाराला 'डोळ्यात तेल घालून'? तो? तो उभ्याउभ्या घोरतो!"

"माझं खरंय ते," रखवालदार लांबून म्हणाला. त्याने आपला लेख घडी करून खिशात ठेवला होता. पुढे बरीच वर्षं तो कुणी जागं केलं की तो काढून दाखवायचा.

पॅकिंगच्या बाई तर काही बोलल्याच नाहीत. नुसत्या थोरल्यांसमोरून तीनदा गेल्या. त्यांच्या निरोपात 'त्यांच्या जाण्याने शांतता पसरली' असं वाक्य होतं.

दुपारपर्यंत फोन थांबेनात. थोरल्यांनी पहिल्या पाच जणांना दातओठ खात उत्तरं दिली. सहाव्याने सांगितलं की तुमच्या शिडीवरून मी तीस वर्षं चढतोय, उतरताना दर वेळी तुमची आठवण येते. थोरले जरा खुर्चीत सरकले. मग दुसऱ्या शिडीवाल्याचा मेल आला, ज्याच्याशी थोरल्यांनी उभ्या आयुष्यात धड एक शब्द काढला नव्हता: 'तुम्ही गेलात. आता कुणाला शिव्या देऊ?' तो मेल थोरल्यांनी चार वेळा वाचून घेतला, एकदा उभं राहून. तीन वाजल्यापासून ते फोनवर हात ठेवूनच बसले. पहिली घंटी पूर्ण वाजायच्या आत उचलत.

मंगळवारी पुष्पगुच्छ आले. बुधवारी दोन भिंतीवरची घड्याळं आली. एवढ्या लोकांनी एवढं चांगलं बोलायला माणसाला एक तर मरावं लागतं नाही तर निवृत्त व्हावं लागतं, आणि थोरल्यांना दुसरं स्वस्त वाटू लागलं. एकच गोष्ट त्यांना टोचत होती. बुधवारी संध्याकाळी त्यांनी ताईला जवळ बोलावलं.

"अकराशे चाळीस माणसं. एकाने तरी म्हणावं ना, साहेब, जाऊ नका?"

"संकोच वाटला असेल, काका."

"तुझ्या त्या फाईलमध्ये असं काही नसतं का?" ते आवाज खाली आणून म्हणाले. "म्हणजे मी गेलोय, पण आहे. अशी एखादी ओळ?"

ताई काही बोलायच्या आत काकू आल्या.

काकू कारखान्यात अकरा वर्षांत आल्या नव्हत्या. त्या दारातून थेट खुर्चीसमोर आल्या आणि पर्स टेबलावर आपटली.

"शुक्रवारपासून घरी बसणार म्हणे तुम्ही. दुकानदाराच्या बायकोकडून कळलं मला."

"अगं, अजून नक्की—"

"घरी म्हणजे कुणाच्या घरी?"

"आपल्या."

"सहानंतर आपलं. सकाळी दहा ते सहा ते माझं असतं." काकू ताईकडे वळल्या. "हे बघ, तुझी खुर्ची तुला घे, माझं काही म्हणणं नाही. पण हा माणूस दहा वाजता इथे आला पाहिजे. कुठे बसवायचा ते तू बघ. शिडीवर टांग हवं तर."

हातातोंडाशी आलेली खुर्ची. दोन दिवस उरलेले. थोरले घरी गेले नाहीत तर खोली सोडणार नाहीत, आणि काकू त्यांना घरात घेणार नाहीत. घोडं तिथेच अडलं होतं. तिने फाईलकडे बघितलं.

"काका," ती म्हणाली, "ती फाईल तुम्ही सांभाळाल का? संपूर्ण साइटच्या सेटिंग्जचे प्रमुख."

"प्रमुख," थोरले म्हणाले.

"एक ओळ बदलली, की सगळी पानं."

"कुणाला न विचारता?"

"कुणाला न विचारता."

थोरल्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पर्स उचलली. "दहा ते सहा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

शुक्रवारी समारंभ झाला. थोरल्यांनी भाषण म्हणून आपलाच निरोप वाचला, कारण लेखक तेच होते. 'मितभाषी' हा शब्द त्यांनी दोनदा घेतला. 'आनंदाने' या शब्दापाशी त्यांना ठसका लागला, पाणी प्यावं लागलं, आणि मग ते पुढच्या वाक्यापासून सुरू झाले. किल्ल्या दिल्या. सहीचा अधिकार दिला. खोली दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि अगोदररावांनी त्या सगळ्यांच्या आधी वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच दोन जण आत शिरले आणि खुर्ची उचलून बाहेर नेऊ लागले.

"काका? खुर्ची?"

"दिली की," थोरले म्हणाले. "खुर्ची दिली म्हणजे पद दिलं. बसायचं कशावर, तो निराळा विषय."

खुर्ची खिडकीशी, सेटिंग्जच्या टेबलामागे गेली. तिथे तिने उसासा टाकला. ताईच्या नव्या खोलीत तीन पायऱ्यांची घडीची शिडी आणण्यात आली. आपल्या कारखान्यात आपण केलेल्या वस्तूवर मालकाने बसावं, याचं तिने स्वतःच चारचौघांत कौतुक केलं. दुसरं काय करणार.

पण कारखाना तिचा झाला होता, यात शंका नाही. पहिल्याच आठवड्यात तिने दोन नवी यंत्रं मागवली. थोरले मध्ये पडू नयेत म्हणून तिने एक युक्ती केली. फाईलच्या तळाशी सव्वीस नव्या ओळी जोडल्या. 'शिस्त', 'कामगारांचा उत्साह', 'वेल्डरचा आवाज', 'एकंदर प्रगती'. त्या सॉफ्टवेअरला जी ओळ समजत नाही तिच्याकडे ते मुकाट्याने दुर्लक्ष करतं. तक्रारही करत नाही. असा कामगार शोधून सापडत नाही. थोरल्यांनी पहिल्याच सकाळी शिस्त 'बरी'वरून 'कडक'वर नेली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. नेमका तेव्हा रखवालदार पाठ खाजवायला ताठ झाला. थोरल्यांनी समाधानाने मान हलवली. उत्साह त्यांनी 'भरपूर' केला, आणि दुपारी वेल्डर शिट्टी वाजवताना ऐकू आला. वेल्डर बावीस वर्षं शिट्टी वाजवत होता.

थोरले खुश. काकू खुश. ताई शिडीवर बसून एवढं हसायची, की एकदा पडता पडता वाचली.

तीन आठवड्यांनी अगोदरराव तिच्या खोलीत आले. हातात छत्री होती. बाहेर रखरखीत ऊन.

"ताई, एक सांगायचं राहिलं. तुमचाही लिहून ठेवलाय."

"काय?"

"निरोप. माझी पद्धत माहीत आहे तुम्हाला. माणूस जागेवर बसला त्याच दिवशी. शुक्रवारीच लिहिला."

ताईला जरा बरंच वाटलं. "तारीख तेवढी लांबची टाकलीत ना? मला साठ व्हायला पंचवीस वर्षं आहेत."

"ती साठाची पद्धत बाकीच्यांना," अगोदरराव म्हणाले. "या खोलीची पद्धत निराळी. थोरल्यांचाच लेख घेतला, नाव बदललं, वर्ष एकाने वाढवलं. म्हणजे थोरल्यांचा पुढचा वाढदिवस. तुम्ही गेला नाहीत की पुन्हा वाढवेन. मला सवय आहे."

"काढा तो."

"काढला असता." अगोदररावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "पण थोरल्यांनी वाचला. त्यांना आवडला. म्हणाले, राहू दे. एका पानावर बारा लेख बसतात आणि निरोप अकराच आहेत, हा बारावा. मी नंतर घरून काढायला गेलो, तर आत जाता येईना. त्यांनी पासवर्ड बदललाय."

"त्यांना पासवर्ड बदलता येतो?"

"तेवढंच शिकून घेतलंय त्यांनी."

ताई शिडीवरून एक पायरी खाली उतरली. "काय लिहिलंय त्यात? खुर्ची कुणाच्या स्वाधीन केली म्हणून लिहिलंत?"

"मी जागा रिकामी सोडली होती. आज थोरल्यांच्या पडद्यावर पाहिलं, तर भरलेली."

"कुणाचं नाव?"

"नाव नाही. 'अनुभवी व्यक्तीच्या स्वाधीन केली' एवढंच. 'आनंदाने' आहे आधी."

खाली लेखक कोण असेल हे तिने विचारलं नाही. चौथी ओळ तिनेच भरली होती. एक लेख, अकराशे चाळीस मेल, मंगळवारपर्यंत पुष्पगुच्छ. जे एकदा निघालं ते खरं करण्याशिवाय माणसाला गत्यंतर राहत नाही, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. सव्वीस खोट्या ओळी जोडताना वरच्या एकतीस खऱ्या ओळी तिने तशाच ठेवल्या होत्या.

ती खिडकीशी गेली. थोरले चष्मा कपाळावर ढकलून पडद्यात बघत होते. 'एकंदर प्रगती' आज 'समाधानकारक' होती. कर्सर मात्र तिथे नव्हता. तो बराच वर, बाविसाव्या ओळीपुढे, 'नाही'च्या शेजारी उघडझाप करत होता.

"काका," ताई शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली, "ती ओळ आहे ना, ती 'नाही'च राहू द्या हं. कायमची."

थोरले खुर्चीत मागे रेलले. खुर्चीने उसासा टाकला. त्यांनी हात वर केला आणि, ती उभी असल्यामुळे डोक्यापर्यंत पोचेना म्हणून, तिच्या कोपरावर ठेवला.

"पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.